तातडीची मदत हवी: कुल्लूच्या शालीला कुबट वास आणि भोकं, शुक्रवारी निघायचंय

फोंडेकरीण
नमस्कार. सासूबाईंची कुल्लूची शाल आहे. चतुर्थीनंतर कपाट आवरताना काढली तर कुबट वास आणि बारीक भोकं! शुक्रवारी रात्री शिमल्याला निघतोय, सासूबाई बरोबर आहेत, म्हणजे शाल न्यायलाच हवी. घरी धुतली तर चालेल का? लवकर सांगा, आणि "गूगल कर" नको.

म्हापसेकर
वास बुरशीचा की डांबरगोळ्यांचा? भोकं कुठे आहेत, काठाला की मध्ये? ठेवली कशात होती? काहीच लिहिलं नाहीस, कसं सांगणार?

रिठेवाली
रिठे रात्री भिजत घाल, सकाळी त्या पाण्यात धू. माझ्या सगळ्या लोकरी कपड्यांना रिठाच. ते महागडे लिक्विड वगैरे काही लागत नाही.

डोंगरवेडा
रिठा ठीक, पण पाणी गार हवं आणि चोळायचं-पिळायचं अजिबात नाही. गरम पाण्यात चोळलं की लोकर आकसून नमद्यासारखी घट्ट होते, मग ती सैल होत नाही. शिवाय रंग उतरतो का ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने एका कोपऱ्यात बघ.

सोनेरी_अंगठी
आधी खरी आहे का ते तपासा. अंगठीतून आरपार गेली तर खरी.

डोंगरवेडा
ही चाचणी इथे कामाची नाही. कुल्लूचा पट्टू जाडजूड असतो, तिथल्या बायका तो अंगाभोवती गुंडाळून खांद्याशी पिनेने अडकवतात. तो अंगठीतून कसा जाणार? अंगठीची ख्याती मुळात शाहतूश शालीची. ती चिरू या तिबेटी हरणाच्या लोकरीची, त्यासाठी जनावर मारावं लागतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तिचा व्यापार गुन्हा आहे. पश्मिना वेगळी, ती लडाखच्या चांगथांगी शेळ्यांच्या लोकरीची, तीही विंचरून काढलेल्या.

सोनेरी_अंगठी
काश्मीरच्या दुकानदाराने मला स्वतः करून दाखवलंय, तुम्हीच शिका.

फोंडेकरीण
अहो, खरी की खोटी हे मी विचारलंच नाहीये! प्लास्टिकच्या पिशवीत, पलंगाच्या खणात होती. रंग गडद राखाडी, दोन्ही टोकांना लाल-हिरव्या-पिवळ्या नक्षीचे पट्टे. भोकं फक्त राखाडी भागात आहेत, पट्टे जसेच्या तसे. एका भोकाजवळ तांदळाच्या कणीएवढी पांढरी गुंडाळी चिकटलीय.

म्हापसेकर
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना! ती कसरीच्या, म्हणजे कपडे खाणाऱ्या बारीक पतंगाच्या अळीची गुंडाळी. अळी लोकर खाते, अ‍ॅक्रिलिक खात नाही, आणि हल्लीच्या कुल्लू शालींचे रंगीत पट्टे बरेचदा अ‍ॅक्रिलिक धाग्याचे असतात. त्यामुळे राखाडी भाग खाल्ला आणि पट्टे राहिले. बाकी आपल्या पावसात बंद प्लास्टिक म्हणजे वास येणारच.

पेडण्याचो
आमच्या आज्याकडे घोंगडं होतं, चिंचोक्याची खळ लावलेलं, उभं केलं तर उभंच राहायचं. त्याला कधी काही लागलं नाही. आता लोक हिमाचलहून मागवतात, आपलं विसरतात.

विणकरीण
नक्षीबद्दल थोडं. कुल्लूत पूर्वी साधं, बिननक्षीचंच कापड विणत. रामपूर-बुशहरकडचे विणकर आले, त्यांच्याबरोबर ही भौमितिक नक्षी आली. कुल्लूतल्या भुट्टी गावची विणकर सोसायटी १९४४ ची. पट्ट्यातला रंगीत धागा विणतानाच हाताने एकेक घातलेला असतो, भरतकाम नव्हे. म्हणून तिथे जोरात ब्रश मारू नकोस, धागा ओढला जाईल.

फोंडेकरीण
शुक्रवार!!

म्हापसेकर
बरं, ऐक. धुऊ नकोस, या हवेत जाड लोकर दोन दिवसांत वाळायची नाही. नाकाला रुमाल बांध, अंगणात मऊ ब्रशने दोन्ही बाजू, शिवणी, झालरीही झटक. घडी घालू नको. उन्हात थोडा वेळ, मग सावलीत वाऱ्यावर. ड्रायक्लीनवाला गुरुवारपर्यंत देत असेल तर उत्तम, अळ्या मरतील. भोकं रफू करणाऱ्याकडे नंतर. आणि तो खण रिकामा करून व्हॅक्यूम कर, नाहीतर परत तेच.

रिठेवाली
ड्रायक्लीनमध्ये लोकर रुक्ष होते, मी सांगून ठेवते.

हॉटेलचौकशी
शिमल्याला मॉल रोडजवळ स्वस्त खोली सुचवाल का कोणी?

फोंडेकरीण
ब्रश केला, वास बराच कमी आहे. ड्रायक्लीनवाला पुढचा आठवडा म्हणतोय. तशीच नेऊ? आणि त्याच खणात माझ्या पैठण्या आहेत.

डोंगरवेडा
बॅगेत तशीच नको, अळ्या बाकी स्वेटरांत जातील. स्वतंत्र पिशवीत बांधून ने. परत आल्यावर ड्रायक्लीन, नाहीतर उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. पैठण्या आजच बाहेर काढ, रेशीमही खातात.