कोपनहेगन हिंडून डॅनिश लोक कळतात का? की नुसतेच फोटो?

भटकी मैना

माझ्या दिराचं म्हणणं असं की टुरिस्टला फक्त इमारती दिसतात, तिथली माणसं कळायला वर्षानुवर्षं राहावं लागतं, त्यामुळे "डॅनिश संस्कृती अनुभवली" असली स्टेटस टाकू नयेत. (मी टाकलं होतं. म्हणून हा धागा.) एरवी मी मान डोलावली असती पण कोपनहेगनच्या बाबतीत मला हे अजिबात पटत नाही, कारण या लोकांनी आपली मतं रस्त्यावर आणून मांडलीयेत, चालता चालता दिसतात.

उदाहरण देते. तिकडे पाण्याची बाटली किंवा बिअरचा कॅन घेतला की किमतीवर डिपॉझिट लागतं, पांट म्हणतात त्याला, लहान कॅनला १ क्रोन, मोठ्या बाटलीला ३. सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये रिकामी बाटली टाकली की पैसे परत. आता सगळेच काही मशीनपर्यंत जात नाहीत, मग शहरातल्या बऱ्याच कचरापेट्यांना बाहेरून एक छोटी फळी लावलेली असते, बाटली पेटीत न टाकता त्या फळीवर उभी करायची, म्हणजे बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्याला कचऱ्यात हात घालावा लागत नाही. ऑफिसला निघालेली एक बाई बघितली, चांगला कोट, पायात टाचांचे बूट, ती सायकलवरून उतरली, कॅन फळीवर नीट उभा केला, तो कलंडला तर परत सरळ केला आणि मग गेली. आता हे म्युझियममध्ये दिसणार आहे का मला? आणि हे बघायला किती वर्षं राहायला हवं?

सायकलींचं तेच. थांबायच्या आधी हात वर, वळायच्या आधी हात बाजूला, बसमधून माणसं थेट सायकल लेनमध्ये उतरली तर अख्खा लोंढा गप उभा राहतो. पण तुम्ही फोटो काढायला त्याच लेनमध्ये रेंगाळलात की घंटी अशी वाजते की आजी आठवते. नियम कुठे तुमच्या बाजूने आणि कुठे नाही हे लख्ख.

आणि नॉरेब्रोमधलं आसिस्टेन्स कब्रस्तान. तत्त्वज्ञ किर्केगार्ड, परीकथावाला हान्स अँडरसन, शास्त्रज्ञ नील्स बोर सगळे तिथेच पुरलेले आहेत आणि उन्हाळ्यात ठरावीक भागात लोक चक्क चादर अंथरून पुस्तक वाचत, खात-पीत पडलेले असतात, पोरं सायकल शिकत असतात. मरणाबद्दल या लोकांना काय वाटतं ते मला कुणा प्रोफेसरला विचारावं लागलं नाही.

दिराची बाजू घ्यायला हरकत नाही, पण कारण द्या, "तसं नसतं हो" चालणार नाही.

ऑर्हूसकर

ताई, तुमच्या दिरांना माझा नमस्कार सांगा, माणूस बरोबर बोलतोय.

मी इकडे डेन्मार्कात बरीच वर्षं आहे, नोकरी, पोरांची शाळा सगळं इथलंच. तुम्ही जे पाहिलंत ती इथली सार्वजनिक शिस्त, ती छानच आहे, कौतुक करा. पण डॅनिश माणूस रस्त्यावर राहत नाही, तो घरात आणि त्याच्या मंडळात राहतो. मंडळ म्हणजे फोरेनिंग. बॅडमिंटनचं, गायनाचं, कबुतरं पाळणाऱ्यांचं, कशाकशाचं असतं. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, खजिनदार पै-पैचा हिशेब वाचून दाखवणार, नव्या जाळीला पैसे द्यायचे की नाही यावर तासभर चर्चा, मग मतदान, मग कॉफी आणि केक. कुणी आवाज चढवत नाही, कुणी स्वतःची टिमकी वाजवत नाही, आणि वाजवली तर बाकीचे फक्त हसतात आणि त्या हसण्याने तो माणूस वर्षभर गप्प बसतो. ते जांतेलोव म्हणतात ना, "तू कुणी विशेष आहेस असं समजू नकोस"वालं, १९३३ सालच्या कादंबरीतून आलेलं, ते मला त्या सभेत बसल्यावर कळलं. गाइडेड टूरमध्ये त्याचा मॅग्नेट मिळतो.

दुसरं, मैत्री. ऑफिसात दिवसभर जोक मारणारा कलीग बसमध्ये दिसला तर खिडकीबाहेर बघेल. शाळेतले मित्र असतात त्यांचे, ते पुरतात त्यांना जन्मभर. जेवायला बोलावतील, पण तीन आठवडे आधी तारीख ठरवून, आणि एकदा बोलावलं की मेणबत्त्या, चार तास जेवण, निघायचं कसं ते कळत नाही. हे दार तुमच्या शहर-दर्शनात उघडत नाही हो.

आणि कॅफेबाहेर बाबागाडीत झोपलेली बाळं पाहिलीत ना? फोटोही काढला असेल. टुरिस्ट म्हणतात किती विश्वास, किती सेफ! इथल्या आयांना विचारा, त्यांच्या डोक्यात विश्वास-बिश्वास नसतो, मोकळ्या हवेत पोर चांगलं झोपतं एवढंच असतं, त्यांच्या आज्यांनीही तेच केलं. १९९७ मध्ये एका डॅनिश आईने न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंटबाहेर अशीच गाडी ठेवली तर पोलिसांनी तिला अटक केली होती. दिसतं ते खरं असतं, पण का ते दिसत नाही.

बंड्या नंबर वन

इथे लोक संस्कृतीवर बोलतायत आणि मी अजून कोपनहेगनच्या त्या प्रसिद्ध जलपरीच्या पुतळ्यावर अडकलोय. सव्वा मीटरची मूर्ती!! पाऊण तास चालत गेलो, समोर बसमधून उतरलेली दोनशे माणसं. तिचं डोकं दोनदा कापून नेलंय म्हणे, १९६४ आणि १९९८, आता मला कापणाऱ्याची बाजू समजते. एका सँडविचला जे पैसे दिले त्यात आमच्याकडे चार जण जेवतात. ही संस्कृती मला पूर्ण कळली.

भटकी मैना

बंड्या 😂 स्मोरब्रोड म्हण रे, सँडविच नको, वरून झाकलेलं नसतं ते.

ऑर्हूसकर, मुद्दा पोचला पण मला यात एक लबाडी वाटते. घरात काय चालतं ते खरं आणि रस्त्यावर काय चालतं ते वरवरचं, असं कुणी ठरवलं? मुंबई कळायची तर लोकल बघायची की कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसायचं? आणि दार उघडत नाही म्हणता, वेस्टरब्रोला अॅब्सलॉन आहे बघा, ते टायगर या दुकानसाखळीच्या मालकाने घेतलेलं जुनं चर्च. रोज संध्याकाळी सहाला सगळ्यांचं एकत्र जेवण. लांबलचक टेबलं, अनोळखी लोकांमध्ये जागा मिळते, प्रत्येक टेबलावरून कुणीतरी उठून सगळ्यांसाठी भांडी आणायची आणि मग वाढून घ्यायचं. माझ्या शेजारी एक रिटायर्ड नर्स होत्या, त्यांनी आधी मला बटाटे वाढले आणि मग नाव विचारलं. त्या तर बोलल्या बुवा माझ्याशी, खिडकीबाहेर नाही बघितलं.

ऑर्हूसकर

बोलणारच की, तिथे बोलायलाच येतात. चौकट ठरवून दिली की डॅनिश माणूस छान मोकळा होतो. त्याच नर्सबाई दुसऱ्या दिवशी मेट्रोत भेटल्या असत्या तर मग सांगितलं असतं तुम्हाला.

चष्मेबहाद्दर

तुम्ही दोघंही एक गोष्ट धरून चाललायत की हे सगळं डॅनिश लोकांच्या रक्तात आहे, फक्त ते कुठे दिसतं यावर वाद. रक्तात कसलं काय. १९६० च्या आसपास या शहरात गाड्यांची खच्चून गर्दी होती, चौकांची पार्किंग झालेली. १९६२ मध्ये स्ट्रॉयट हा मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा दुकानदार बोंबलले, आपण काय इटालियन आहोत का, आपल्या हवेत रस्त्यावर कोण बसणार असा सूर होता. आज तिथे ब्लँकेट पांघरून बाहेर बसतात आणि टुरिस्टला वाटतं हे व्हायकिंग काळापासून चालू आहे. १९७३ ला तेलाचे भाव भडकले, रविवारी गाडी काढायला बंदी आली, पुढे सायकलवाल्यांनी मोर्चे काढले, मग लेन आल्या. त्यात नव्या गाडीवर नोंदणी कर असा की वरच्या टप्प्याला १५० टक्के. एवढा कर आपल्याकडे लावा, पुणेकर परत सायकलवर दिसतील.

बंदराचंही तसंच. इस्लँड्स ब्रुगे या बंदरकाठच्या भागात लोक पाण्यात उड्या मारतात ना, तिथलं पाणी आधी पोहण्याच्या लायकीचं नव्हतं, सांडपाणी थेट जायचं. शहराने टाक्या बांधून ते अडवलं, मग २००२ मध्ये तिथे पोहायची सोय झाली.

म्हणून मैनाताई, तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे, पण तुम्ही संस्कृती नाही, महापालिकेचं बजेट पाहिलंत.

भटकी मैना

बजेट कशावर खर्चायचं हे ठरवणं म्हणजे काय मग? आमच्याकडेही बजेट आहे की, त्यातून फूटपाथवर पेव्हर ब्लॉक बसतात आणि पुढच्या वर्षी परत उखडतात.

गावकुसाबाहेर

किती गोड चाललंय सगळं. तो सुपरकिलेन पार्क सगळ्यांनी पाहिला असेल ना, नॉरेब्रोमधला, २०१२ चा, जमिनीवर पांढऱ्या रेघा, मोरोक्कोचं कारंजं, इराकचे झोके, जपानी ऑक्टोपसची घसरगुंडी, जवळजवळ साठ देशांच्या वस्तू. रील बनवायला बेस्ट. त्याला लागून म्योल्नरपार्केन नावाची वसाहत आहे, तिचा फोटो कुणी काढला?

२०१८ मध्ये सरकारने "समांतर समाज" मोडायचे म्हणून कायद्यांचं पॅकेज आणलं. वस्तीत निम्म्याहून जास्त लोक "नॉन-वेस्टर्न" मूळचे असतील आणि जोडीला उत्पन्न, शिक्षण, गुन्हे, रोजगार असल्या निकषांपैकी दोन बसले तर ती यादीत, आणि बरीच वर्षं यादीत राहिली तर तिथली कुटुंबांना भाड्याने दिलेली सार्वजनिक घरं कमी करायची, विकायची किंवा पाडायची. म्योल्नरपार्केनमधल्या कुटुंबांना घरं सोडावी लागली, प्रकरण युरोपियन कोर्टापर्यंत गेलं. आणि माहितीसाठी, त्या व्याख्येत भारतीयही नॉन-वेस्टर्न. आयटीवाले, ऑर्हूसकर, तुम्हीही.

कचरापेटीची फळी दिसते ताई, ही रेघ दिसत नाही. मला वाटतं टुरिस्टला दिसत नाही कारण दिसू नये अशीच सोय आहे, पार्क सुंदर आहे आणि आपण पार्कातच थांबतो.

ऑर्हूसकर

माझ्या पोराच्या वर्गात हा विषय निघाला होता, शिक्षिकेने दोन्ही बाजू मांडायला लावल्या. त्यामुळे सगळा देश एकसुरात आहे असं नाही. पण हो, व्याख्या तशीच आहे आणि त्या यादीचं नाव बदललं तरी ती बोचते. यावर मी जास्त बोलणार नाही.

तंजावरी

जरा वेगळं. डॅनिश लोक समजून घ्यायला आपल्याला कोपनहेगनपर्यंत जायचीही गरज नाही. तरंगमबाडी, म्हणजे ट्रांकेबार, १६२० पासून त्यांच्याकडे, तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून घेतलेलं. डान्सबोर्ग किल्ला अजून समुद्रावर उभा आहे. १८४५ ला ते आणि बंगालमधलं सेरामपूर इंग्रजांना साडेबारा लाखाला विकून मोकळे झाले. तिथे डॅनिश राजाच्या आश्रयाने आलेलं मिशन होतं, त्यातला श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री पुढे तंजावरला आला आणि आपले सरफोजीराजे भोसले त्याच्या हाताखाली शिकले. तो गेल्यावर राजांनी लंडनच्या शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं, तंजावरला आहे, जाऊन बघा. म्हणजे मराठी राजाच्या शिक्षणात कोपनहेगनचा पैसा लांबून का होईना आहे.

उलट बाजूने, कोपनहेगनमध्ये क्रिस्टियान्सहाउनला आसियातिस्क प्लाड्स आहे, एशियाटिक कंपनीची जुनी गोदामं तिथली, आज त्यांचं परराष्ट्र खातं त्याच जागी. कालव्याच्या बोटीतून दिसतात, पण बोटीतलं पब्लिक ऑपेरा हाउसकडे बघत असतं. जलपरीकडे चालत जाताना वाटेत वेस्ट इंडियन वखार लागते, साखर आणि रम तिथे उतरायची, कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेली. ती बेटं १९१७ ला अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली. २०१८ मध्ये त्या वखारीसमोर क्वीन मेरीचा भलामोठा पुतळा उभा केला होता, १८७८ च्या मजुरांच्या उठावातली बाई. तो फोमचा होता, पुढे वादळात मोडला.

गावकुसाबाहेर यांच्याशी सहमत, पण पूर्ण नाही. ही ठिकाणं लपवलेली नाहीत, भर रस्त्यात आहेत. बंड्या पाऊण तास चालला म्हणतो, तो बहुतेक याच वखारीवरून गेला.

बंड्या नंबर वन

गेलो असेन. पाऊस होता, मान खाली होती.

दूध संघवाले अण्णा

एवढी चर्चा आणि दुधाचं नाव नाही? अहो डेन्मार्क म्हणजे कोपनहेगन नव्हे. पश्चिम युटलंडमध्ये, म्हणजे डेन्मार्कच्या मुख्य भूभागावर, ह्येडिंग गावाला १८८२ मध्ये पहिली सहकारी डेअरी निघाली. शेतकऱ्यांनी मिळून मलई काढायचं वाफेवरचं यंत्र घेतलं, आणि मत एका माणसाला एक, मग गाई दोन असोत की पन्नास. डोकी मोजायची, गाई नाही. याच्या आधी १८४४ पासून ग्रुंटविग नावाच्या पाद्री-विचारवंताच्या विचाराच्या लोकशाळा निघालेल्या, शेतकऱ्याची पोरं तिथे जायची, परीक्षा नाही, मार्क नाहीत, इतिहास शिकायचा, गाणी म्हणायची, वाद घालायचा. ती पोरं पुढे डेअरीच्या बोर्डावर बसली. आमच्याकडे प्रवरानगरला विखे पाटील आणि गाडगीळांनी सहकार उभा केला त्याला असं शिकलेलं मागचं बळ कमी पडलं, मग बोर्डावर कोण बसले ते सांगायची गरज नाही.

ऑर्हूसकरांच्या त्या सभेचं मूळ इथे आहे. कोपनहेगनच्या न्यूहाउन धक्क्यावरच्या रंगीत घरांत नाही. तिथे तर पूर्वी खलाशांचे गुत्ते होते.

भटकी मैना

अण्णा हे भारी आहे, पुढच्या वेळी युटलंड नक्की. पण एक सांगू, ते एक डोकं एक मत मला अॅब्सलॉनच्या टेबलावर आणि त्या बस स्टॉपवर दिसलंच की, फक्त त्याला ह्येडिंग म्हणतात हे ठाऊक नव्हतं. आणि गावकुसाबाहेर, तुमचं वाचून त्या वसाहतीबद्दल शोधत बसले, झोपायला उशीर झाला. तरी माझं मत तेच आहे, फिरून कळतं, फक्त पार्कच्या पलीकडची गल्ली पण चालायला हवी. आणि पाऊस असला तरी मान वर ठेवायची, बंड्या.

ऑर्हूसकर

बरं, मग एक करा. पुन्हा याल तेव्हा जुलैत येऊ नका, निम्मा देश समर हाउसला गेलेला असतो, शहरात तुम्हीच एकमेकांचे फोटो काढता. २३ जूनला या, सांक्त हान्सची रात्र. किनाऱ्यावर होळी पेटवतात, वर चिंध्यांची चेटकीण बांधलेली असते, कुणीतरी भाषण करतं आणि मग सगळे मिळून गाणं म्हणतात, कागद न बघता, आजोबांपासून पोरांपर्यंत. तुम्ही गर्दीत उभ्या राहाल आणि तुम्हाला एकही ओळ येत नसेल. मग सांगा कळलं का.

भटकी मैना

आमच्या गणपतीत आरती पाठ नसलेले किती जण नुसत्या टाळ्या वाजवतात माहितीये का तुम्हाला? मी टाळ्या वाजवीन. तिकिटं बघते, दिरालाही घेऊन येते.