आकडा नाचतो म्हणून सरासरी काढायची?

मापाडी, यवतमाळ
काल इथे एकाने सल्ला दिला: "थिकनेस मीटरवर आकडा नाचत असेल तर गेन वाढवा, दहा रीडिंगची सरासरी काढा आणि रिपोर्ट देऊन मोकळे व्हा." वाचून डोकं तापलं. हा मीटर पत्र्यात आवाज सोडतो आणि पलीकडून इको परत यायला लागलेल्या वेळेवरून जाडी काढतो; गेन म्हणजे तो इको किती मोठा करून दाखवायचा, एवढंच. आकडा का नाचतो हे कोण बघणार?

जिनिंगमधली फायरची टाकी घ्या. मूळ प्लेट 8 मिमी, मीटर दाखवतो 8.9. गंजून प्लेट वाढते का? वर रंगाचे थर चढलेले असतात. पोलादात आवाज सेकंदाला साधारण 5900 मीटर धावतो, रंगात त्याच्या निम्म्यानेही नाही. 0.6 मिमी रंग दीड मिमी पोलाद होऊन आकड्यात बसतो, म्हणजे खरी प्लेट उरली 7.4. अशी हजार रीडिंग घेतली तरी सरासरी 8.9 च येणार. रंग खरवडा, नाहीतर इको-टू-इको मोड लावा, म्हणजे पोलादातल्याच दोन इकोंमधला वेळ मोजला जातो आणि रंग वगळला जातो.

वणीकर
रंगाचं कबूल. पण गेनला सरसकट शिव्या देऊ नका. पिटच्या, म्हणजे गंजाने पडलेल्या खड्ड्याच्या, टोकावरून येणारा इको बारीक असतो. गेन कमी असला की मीटर त्याला सोडून बाजूच्या चांगल्या भिंतीचा इको धरतो आणि सगळं ठणठणीत दाखवतो. 6 डीबी वाढवा, इकोची उंची दुप्पट होते. राखेच्या पाइपलाइनचा एक पातळ झालेला बेंड मी असाच पकडला आहे. तुम्ही कधी प्लँटमध्ये उभे राहिलात का, की नुसती पुस्तकं वाचता?

मापाडी, यवतमाळ
पुस्तकाचं काढू नका, अंगावरचे कपडे ग्रीसने माखून शिकलोय. गेनने इकोसोबत ग्रासही, म्हणजे स्क्रीनवर गवतासारखा दिसणारा नॉइजही, दुप्पट होतो, मग गेट (मीटर ज्या पट्ट्यात इको शोधतो तो) ग्रासवरच अडकतो. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर तो विजेचा नॉइज सरासरीने कमी होतो, मान्य. पण खडबडीत पृष्ठभागाचा नॉइज प्रोब (पत्र्यावर टेकवायचा सेन्सर) हलत नाही तोवर तसाच राहतो, त्याला सरासरी काय करणार? प्रोब थोडा सरकवा, फिरवा, ए-स्कॅन म्हणजे स्क्रीनवरचा इकोचा आलेख बघा.

हेल्पर, घुग्घुस
तुमी दोघं मशीनवर भांडता. आमाले मोजलेल्या पॉइंटमागं पैसे भेटते ना जी! पपडी घासाले ग्राइंडर मागतला तं सुपरवायझर म्हणते, टाइम नाही. मे महिन्यात पत्र्यावर हात ठेववत नाही, प्रोबखाली लावाचं जेल, कपलंट, लावलं का वाहून जाते. मंग पोरगं जिथं आकडा लवकर भेटते तिथंच प्रोब टेकवते. राखेचा पाइप खालून झिजते आन् मोजते वरून, काऊन का वरून सोपं हाय.

निवृत्त फोरमन
ही सबब आहे. आमच्या काळी पोरं पाइपाखाली आडवी होऊन मोजत. आताच्यांना मोबाइल सुटत नाही.

हेल्पर, घुग्घुस
तुमच्या काळी पगारी कामगार होते, काका. आमी कंत्राटी. पाइप फुटून राखेच्या पाण्याची गरम स्लरी अंगावर आली तं दवाखान्याचा खर्च कोण देते? माह्या भावाचा पाय भाजला. रिपोर्टात थोच पाइप "समाधानकारक" होता.

निवृत्त फोरमन
भावाचं वाईट झालं. पण सही करणाऱ्याने खालून मोजलंय का, एवढं तरी विचारायला हवं होतं. त्याची जबाबदारी पोरांवर ढकलता येणार नाही, हे मान्य करतो.

मापाडी, यवतमाळ
हेल्परभाऊंनी मुळावर बोट ठेवलं. सर्वात कमी दराच्या टेंडरमध्ये पृष्ठभाग साफ करण्याचा खर्चच धरत नाहीत. घासायचे वेगळे पैसे द्या, पाइपच्या घेरावर तळाचा पॉइंट सक्तीचा करा, आणि प्रत्येक संशयित आकड्यासोबत ए-स्कॅनचा फोटो मागा. आणखी एक: प्लेटमध्ये लॅमिनेशन, म्हणजे आतल्या आत थर सुटलेला, असेल तर निम्मी जाडी दिसते, पोरं घाबरून पाइप कापायला सांगतात. स्क्रीन बघितल्याशिवाय तेही कळत नाही.

वणीकर
फोटो नसलेला रिपोर्ट मीही यापुढे घेणार नाही, तेवढं तुमचं ठेवतो. पण बारीक पिट शोधताना गेन वाढवणारच, तुम्ही नाही म्हणालात तरी. ग्रास आला तर प्रोब सरकवून बघेन.