‘तुम्ही मानता का?’ : स्वतःच्या श्रद्धेला शब्द हवा आहे

वडील गेल्यावर दहाव्याचं ठरवायला गुरुजी घरी आले. साहित्याची यादी सांगण्याआधी त्यांनी विचारलं, "तुम्ही मंडळी मानता का?" धाकट्या भावानं सांगून टाकलं, "मी नास्तिक आहे, पण आईसाठी बसेन." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला काही बोलताच येईना.

माझं असं आहे. नवस, पत्रिका, राहुकाळ यांवर काडीचा विश्वास नाही. वर बसून कोणीतरी माझा हिशेब लिहितंय असंही वाटत नाही. पण तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं, आणि ती नुसती सवय आहे म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं होईल. पालखीबरोबर आळंदी ते पुणे दोनदा चालले आहे. माळ मात्र घातलेली नाही.

‘आस्तिक’ म्हटलं की लोक पूजेला बोलावतात, ‘नास्तिक’ म्हटलं की वाद घालायला. ‘आध्यात्मिक’ म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, "कुणाचं करता?" ‘अज्ञेयवादी’ हा शब्द मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, फक्त वाचलाय. माझ्यासारखीला मराठीत काय म्हणतात?

*

आधी ‘नास्तिक’ तपासू, कारण तुमच्या भावानं तो जितक्या सहज वापरला तितका तो सोपा नाही.

पाणिनीचं सूत्र आहे ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०). ‘आहे’ असं ज्याचं मत तो आस्तिक, ‘नाही’ असं मत तो नास्तिक. काय आहे नि काय नाही, हे सूत्रात नाही. पाणिनीवरची जुनी टीका काशिकावृत्ती सांगते, परलोक. मनुस्मृतीत (२.११) मोजमाप बदलतं: ‘नास्तिको वेदनिन्दकः’, वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. दोन्हीकडे देवाचा पत्ता नाही. म्हणून तर सांख्यांच्या सूत्रांत ‘ईश्वरासिद्धेः’ (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून) असं म्हटलेलं असूनही ते आस्तिक दर्शन, पूर्वमीमांसकांना जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची गरज नाही तरी तेही आस्तिकच. उलट जैन आत्मा मानतात, पुनर्जन्म मानतात, व्रतं कडकडीत पाळतात आणि वेद मानत नाहीत म्हणून नास्तिकांच्या यादीत. आज आपण ज्या अर्थानं नास्तिक म्हणतो त्यासाठी काटेकोर शब्द ‘निरीश्वरवादी’.

त्याच सूत्रातला तिसरा शब्द मात्र आपण हरवून बसलो: दैष्टिक. ‘दिष्ट’ म्हणजे नशीब. जे व्हायचं ते होणार असं मानणारा. माझ्या ओळखीतले निम्मे लोक ना आस्तिक ना नास्तिक, शुद्ध दैष्टिक आहेत.

*

दैष्टिक आवडला! सासरे नक्की दैष्टिक. मी नाही. अज्ञेयवादीबद्दल कुणी सांगेल का?

*

मूळ इंग्रजी शब्द ‘अग्नॉस्टिक’, तो टी. एच. हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञानं १८६९ मध्ये घडवला. ‘आम्हांला कळलंय’ म्हणणाऱ्यांचा त्याला कंटाळा आला होता, म्हणून त्यानं स्वतःला ‘मला कळलेलं नाही’ म्हणणारा ठरवलं. त्याचा सगळा भर पुराव्याच्या शिस्तीवर होता. ‘अज्ञेय’ मात्र त्याहून जड शब्द आहे. जे कळलेलं नाही ते अज्ञात, जे कळणंच शक्य नाही ते अज्ञेय. ही दुसरी भूमिका इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरची. १८६२ च्या त्याच्या ग्रंथाचा पहिला भागच ‘अज्ञेया’वर आहे. आगरकरांसारख्या सुधारकांच्या पिढीवर स्पेन्सरची मोठी छाप होती, तेव्हा मराठी शब्दालाही स्पेन्सरचा वास लागला असावा असा माझा तर्क आहे. तर्कच, पुरावा नाही. (हक्सले रागावला असता.)

तुम्हांला म्हणायचंय ते ‘कळलं नाही, कळलं तर बघू’ असं असेल, तर ‘अज्ञेयवादी’ तुमच्यावर एक जास्तीचा दावा लादतो.

*

मूळ प्रश्नात ‘आध्यात्मिक’ बरोबर लिहिलंय त्याबद्दल आभार. ‘अध्यात्मिक’ वाचून डोळे शिणले आहेत. अध्यात्म, पण आध्यात्मिक. जसं समाज, सामाजिक.

अर्थाची गंमत मात्र पुढे आहे. अधि + आत्म, म्हणजे स्वतःशी निगडित. गीतेत ‘स्वभावोऽध्यात्ममुच्यते’ (८.३), स्वभावालाच अध्यात्म म्हणतात. पण त्रिविध तापांत जो आध्यात्मिक ताप येतो तो स्वतःच्या देहामनाला होणारा त्रास. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातला सहावा समास उघडा. आध्यात्मिक तापाच्या यादीत खरूज, पुळ्या, नारू, गोवर आणि मूळव्याध आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी "मी फार आध्यात्मिक आहे" म्हणालं, तर त्वचारोगतज्ज्ञाचा नंबर द्यायला हरकत नाही.

*

वर कुणी महात्मा फुल्यांचं नाव कसं काढलं नाही? जग कुणीतरी घडवलं, पण तो नवसाला पावत नाही, त्याला दलाल लागत नाहीत, ही भूमिका असेल तर त्यांचा ‘निर्मिक’ आहे. १८७३ ला सत्यशोधक समाज निघाला. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त हा शब्द पानोपानी भेटतो. पुस्तकी परिभाषेत असल्या मताला ‘केवलनिमित्तेश्वरवाद’ असा अवाढव्य शब्द बनतो. त्यापेक्षा ‘सत्यशोधक’ किती मोकळा! पण तो आता एका चळवळीचा आहे, कुणीही उचलून लावून घ्यावा असा राहिलेला नाही.

*

निर्मिकाशी माझं भांडण नाही, पण जग कुणी घडवलं हा प्रश्न मला पडतच नाही. दिवा लावताना तर मुळीच नाही.

*

‘निधर्मी’? कागदोपत्री तसं राहता येतं. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितलंय की राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये कोणताच धर्म न मानण्याचं स्वातंत्र्यही येतं, आणि सरकारी कागदावर धर्म लिहायची सक्ती करता येत नाही. २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले सुमारे २९ लाख होते.

*

फॉर्मचा रकाना रिकामा ठेवता येतो हो, गुरुजींना कसा रिकामा ठेवणार?

मला वाटतं आपण सगळे नामं शोधतोय, आणि उत्तर गुरुजींच्या क्रियापदात आहे. ‘मानणे’. कर्म न लावता हे क्रियापद मराठीत सर्रास चालतं: "त्यांच्यात फार मानतात", "आमच्याकडे तेवढं मानत नाहीत". काय मानतात हे विचारायचं नसतं. सोवळं, विटाळ, अमावास्या, सगळं त्यात आलं.

कर्म लावलं की खरी मजा. ‘देव मानतो’ आणि ‘देवाला मानतो’ ही दोन वाक्यं एक नाहीत. ‘भूत मानत नाही’ म्हणजे भूत असतं हेच मान्य नाही. ‘थोरल्या भावाला मानत नाही’ म्हणजे भाऊ चांगला धडधाकट समोर उभा आहे, त्याचा मान ठेवत नाही. ‘-ला’ नसला की प्रश्न अस्तित्वाचा, ‘-ला’ आला की प्रश्न नात्याचा. तुकोबांच्या ‘मानियेलें नाहीं बहुमता’ मध्येही बहुमत आहेच, त्याला किंमत दिलेली नाही एवढंच.

तेव्हा ताई, तुम्ही देव मानत नाही, पण देवाला मानता. मराठीत हे बिनविरोध म्हणता येतं.

*

कमाल! ‘-ला’चा मुद्दा पूर्ण पटला. एक शंका: प्रमाण मराठीत सजीवांना ‘-ला’ लागतोच ना? ‘भावाला पाहिलं’, पण ‘झाड पाहिलं’. मग ‘देव मानतो’ मध्ये देव निर्जीव धरायचा का?

*

निर्जीव नव्हे, कल्पना म्हणून धरायचा. ‘देव मानतो’ मध्ये ‘देव आहे’ हे अख्खं विधान कर्माच्या जागी बसलंय. ‘मुलगी बघायला गेलो’ आणि ‘मुलीला बघायला गेलो’ यांतला फरक आठवा. पहिल्यात कांदेपोहे आहेत, दुसऱ्यात मुलगी वसतिगृहात आजारी आहे.

*

कांदेपोह्यांनी समजलं. पण गुरुजींना विभक्ती समजावत बसायची माझी छाती नाही, एक शब्द मिळाला तर बरंच होतं.

*

मग आपल्या वहिवाटीनं जा. वारी करतो तो वारकरी, माळ घालतो तो माळकरी, टाळ वाजवतो तो टाळकरी. मनात काय चाललंय याची चौकशी नाही. करतो काय, ते बघून नाव. तुम्ही दिवा लावता. ‘दिवेकरी’ व्हा.

*

शब्द झकास आहे, पण दिवेकर आडनावाची मंडळी हक्क सांगायला येतील.

*

येऊ देत. तेलाचा खर्च निम्मा निम्मा करू. वर्षश्राद्धाला गुरुजी येणारच आहेत, तेव्हा सांगून बघते. भाऊ म्हणतोय त्यालाही दैष्टिक करून टाका, नास्तिक असल्याचं दर वेळी सिद्ध करून तो दमलाय.