तरंगता टास्कबार चित्रातच बरा

नव्या डेस्कटॉपच्या कल्पनाचित्रांत हल्ली टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या तळाची पट्टी, तरंगता दाखवतात आणि खिडक्यांचा टायटलबार काढून टाकतात. कडेपासून सुटा, काचेसारखा टास्कबार चित्रात देखणा दिसतो, मान्य. वापरताना मात्र स्क्रीनची कड आठवते. माउस कितीही जोरात ढकलला तरी कर्सर कडेशी अडतो, म्हणून तिथलं बटण नेम न धरता सापडतं. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितकं ते पटकन गाठता येतं, या फिट्सच्या १९५४ च्या नियमातून हेच निघतं आणि मॅकच्या मेनूबारला त्याचाच फायदा होतो. बार ८ पिक्सेल वर उचलला की क्लिक त्या फटीत पडतं आणि मागची खिडकी पुढे येते. फट हवीच असेल तर ती फक्त दिसू द्या, क्लिकचं क्षेत्र कडेपर्यंत न्या.

पारदर्शकतेचं म्हणाल तर अशा चित्रांत वॉलपेपर बहुधा गडद असतो. मागे पांढरी स्प्रेडशीट पूर्ण उघडा, पांढरी अक्षरं विरघळतील. मजकुराचं पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणाचं गुणोत्तर, किमान ४.५:१ हवं; नुसतं ब्लर (मागचं धूसर करणं) वाढवून ते मिळत नाही, खाली गडद थर द्यावाच लागतो.

टायटलबार, म्हणजे खिडकीच्या वरची नावाची पट्टी, काढायची कल्पना मला सगळ्यात धोक्याची वाटते. वरची पट्टी टॅब आणि बटणांनी भरली की खिडकी धरून ओढायची कुठून? सवयीची गोष्ट काढली की काय होतं बघा: विंडोज ८ ने २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढलं होतं, वर्षभरात ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं.