अनुभव धागा: रजेच्या अर्जात कारण काय लिहू?

नैराश्य म्हणजे काय, लक्षणं कोणती, डॉक्टरकडे कधी जावं, हे सांगणारे लेख पुष्कळ आहेत. पण नऊला कामावर पोचायचंय आणि आपण मोजा हातात धरून पाऊण तास पलंगाच्या कडेला बसलोय, तेव्हा काय करायचं हे फारसं कुणी लिहीत नाही. हा धागा त्यासाठी. 'सकारात्मक राहा', 'पहाटे उठा' वगैरे कृपया नको. कामात नेमकं कुठे अडलं आणि ते कसं निभावलं, किंवा नाही निभावलं, तेवढं लिहा. कंपनीचं, माणसांचं नाव नको.

सुरुवात मी करते. भाषांतराची कामं घेते. माझं अडायचं ठिकाण म्हणजे मेल. आल्याची खूण दिसली की पोटात गोळा. मग उघडायचीच नाही, आणि न उघडलेली मेल दुसऱ्या दिवशी दुप्पट भयंकर. एक मेल एकोणीस दिवस तशीच ठेवली होती. आत काय असणार ते मनातल्या मनात पाठ झालं होतं, अगदी 'खेदाने कळवत आहोत'सकट. उघडली तर त्यांना बिलाची प्रत परत हवी होती, बस. अर्थात एकोणीस दिवसांत ते खरंच चिडले होते, ती पुढची मेल. आता बहिणीला फोन लावते. ती काही बोलत नाही, तिचं काम करत राहते, आणि मी मेल मोठ्याने वाचते. या वयात लाज वाटते, पण मेल उघडली जाते.

*

तुमचं उघडायचं अडतं, माझं पाठवायचं. मी हिशेब विभागात. सहा ओळींची मेल सात-आठ वेळा वाचायचो, पाठवल्यावर पुन्हा जाऊन वाचायचो. दिवस यातच जायचा, म्हणून खरं काम सगळे गेल्यावर. त्यावर साहेब खूश, 'किती मेहनती आहे बघा!' चिंता बाहेरून निष्ठेसारखी दिसते, त्यामुळे ती सुटावी असं कुणालाच वाटत नाही.

सीबीटी (विचार आणि सवयी तपासून बदलायची बोलून करायची उपचारपद्धत) सुरू केली तेव्हा गृहपाठ मिळाला. एका मेलमध्ये मुद्दाम एक काना गाळायचा. वहीत दोन रकाने. पहिल्यात आधीच लिहायचं की काय होईल. मी लिहिलं, 'साहेब बोलावतील, बेजबाबदार म्हणतील, शक्यता ८० टक्के.' दुसऱ्यात प्रत्यक्ष घडलं ते. पाठवताना तळहात इतके घामेजले की माउस सटकत होता. तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं, त्यात साहेबांच्याच दोन चुका. चमत्कार-बिमत्कार झाला नाही, अशा अकरा नोंदी कराव्या लागल्या. आता मेल दोनदा वाचतो. आकड्यांचे तक्ते मात्र अजून पाच वेळा तपासतो आणि ती खोड मोडायची माझी इच्छाही नाही.

*

मी माल पोचवायची गाडी चालवतो. पुलावर मधोमध छातीत धडधड, हाताला मुंग्या, वाटलं आता खेळ खलास. गाडी कडेला घेतली. ईसीजी चांगला आला. महिन्यात तीनदा असंच, तीनदा चांगला. तिसऱ्या वेळी डॉक्टरने नीट समजावलं की हा पॅनिक अटॅक, साधारण दहा मिनिटांत शिगेला जातो नि मग उतरतो. आता झालं तर बाजूला लावून घड्याळाकडे बघत बसतो. (पहिल्यांदाच छातीत दुखलं तर तपासून घ्याच, घरच्या घरी पॅनिक ठरवू नका.)

एक सांगतो. गोळीने गुंगी यायची आणि मी गाडी चालवतो हे मी डॉक्टरला सांगितलंच नव्हतं, काम जाईल म्हणून. शेवटी सांगितलं. त्यांनी गोळी बदलली आणि आठ दिवस स्टिअरिंगला हात लावू नका म्हणाले. ते आठ दिवस बिनपगारी गेले.

*

बिनपगारी का होईना, दादा, तुम्हाला रजा आहे. मी घरी शिवणकाम करते. शिवलं तर पैसे. नैराश्यात मला रडू वगैरे येत नाही, हात जड होतात. एका झंपराची हातशिलाई तीन दिवस चालली होती. गिऱ्हाईक दारात आलं की आतून कडी लावून श्वास धरून उभी राहायची, पावलं जाईपर्यंत.

सकाळ सगळ्यात वाईट, दुपारनंतर जरा माणसात येते. म्हणून मी रात्रीच मशीनमध्ये दोरा ओवते, पहिला तुकडा सुईखाली घालून दाबपट्टी खाली पाडून ठेवते. सकाळी ठरवायला काही उरत नाही, नुसतं पायडल. एक शिलाई झाली की बहुतेक दिवस दुसरी होते. समुपदेशक बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आम्ही हेच शिकवतो, मन लागायची वाट न बघता हाताला आधी लावायचं. कधी एकच शिलाई होते आणि मी परत आडवी होते, तेही आहेच.

*

मला मात्र कामानेच वाचवलं. घरी असतो तर संपलो असतो. काम हेच औषध.

*

वरच्यांना: तुमच्यासाठी असेल. मी 'काम हेच औषध' म्हणत चौदा महिने काढले आणि शेवटी कॉन्फरन्स रूममधून मला हाताला धरून बाहेर आणलं. ऑफिसात सगळे म्हणायचे, बर्नआउट आहे, सुट्टी घे. तो शब्द आवडला मला. त्यात कर्तबगारीचा वास आहे, खूप काम केलेल्यालाच होतो ना! पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउट आजार म्हणून धरलेलाच नाही, कामाशी निगडित घटना म्हणून त्याची नोंद आहे. सुट्टीतही मला तसंच होत होतं. आवडीच्या माणसांत, आवडीच्या ठिकाणी, काहीच वाटत नव्हतं. ते नैराश्य होतं. चांगल्या शब्दामागे लपून मी उपचाराचं एक वर्ष घालवलं. राग त्या शब्दावर आहे की माझ्यावर, माहीत नाही.

*

शिक्षिका. वर्गात पंचेचाळीस मिनिटं मी नटी असते, काही जाणवत नाही. घंटा झाली की स्टाफरूममध्ये शिरणं जड जातं. मुख्याध्यापकांना विश्वासाने सांगितलं. ते छान बोलले. पुढच्या वर्षी दहावीचा वर्ग काढून घेतला, 'तुम्हाला त्रास नको' म्हणून. मला विचारलं नाही. सांगावं की नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सांगायचंच तर काय हवंय ते आधी ठरवून सांगा, नाहीतर तुमच्यासाठी दुसरं कुणीतरी ठरवतं.

*

मी रात्रपाळीची नर्स. इतरांना औषधं वेळेवर देणारी मी, स्वतःची एका दमात बंद केली, बरं वाटतंय म्हणून. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, चक्कर, चिडचिड. व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची गोळी होती, ती तशी सोडायची नसतेच, डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. दुसऱ्यांना हे शंभरदा सांगितलं असेल.

नवीन सुरू करणाऱ्यांसाठी: या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत घालमेल उलट वाढू शकते. मोठं सादरीकरण, नवी नोकरी असलं काही त्या दिवसांवर येणार असेल तर डॉक्टरला आधी बोला. थायरॉइडही तपासून घ्या, ते बिघडलं तरी असंच मरगळल्यासारखं होतं. आणि जगणं नको वाटायला लागलं तर ड्यूटी संपायची वाट बघू नका. मी नको तेवढी बघितली. शेवटी सोबतच्या मुलीला म्हटलं, 'आज मला एकटीला घरी सोडू नकोस.' एवढंच बोलता आलं. तिने पुढचं काही विचारलं नाही, पर्स उचलली आणि सरळ डॉक्टरकडे घेऊन गेली.

*

मी दुसऱ्या बाजूचा. हाताखाली चौदा माणसं. मानसिक आरोग्यावर सादरीकरण करायला सांगितलं होतं. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत, नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. स्लाइड मस्त झाली. मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडलो, कारण त्या आठवड्यातले माझे तीन दिवस त्यात होते आणि मी तिन्ही दिवस हजर होतो.

तेव्हापासून एक बदललं. कुणी खचलेलं दिसलं तर 'काय झालंय?' विचारत नाही, त्याचं उत्तर देणं हे आणखी एक काम. 'यातलं आज काय काढून घेऊ?' विचारतो. बहुतेक जण बोट ठेवून दाखवतात.

*

धागा वाचतेय, लिहायला त्राण नाही. फक्त एक प्रश्न. दोन वर्षं घरी होते, आता मुलाखती देतेय. मधल्या खंडाबद्दल विचारलं की काय सांगता?

*

हिशेबवाला परत. मी तीन वाक्यं सांगायचो. 'तब्येतीमुळे थांबलो होतो. उपचार घेतले. आता काम करू शकतो.' चौथं वाक्य आलं की माझा आवाज कापतो, म्हणून तिसऱ्यावर थांबून पाण्याचा ग्लास उचलायचो. दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी पुढचा प्रश्न जीएसटीवर विचारला.