चहामळ्यातला 'सरदार' मराठीत कोण?

पानखुडी: दार्जिलिंगच्या मळ्यांवरचा मजकूर मराठीत करतेय. १८३५ साली सिक्कीमकडून ती डोंगरपट्टी इंग्रजांकडे गेली, १८५० नंतर चहाचे मळे वाढले आणि पूर्व नेपाळातून राई, लिंबू, तामांग जमातींचे लोक मजुरीला उतरले. त्यांना गावातून गोळा करून आणणारा तो 'सरदार', माणसामागे कमिशन मिळायचं त्याला. शब्द तसाच ठेवला तर आई म्हणाली, "याची जहागीर कुठली?" काय लिहू?

कोयता: मुकादम! डोळे मिटून लिहा. आमच्या बीडकडे ऊसतोडीला मुकादमच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, टोळी जमवतो, कारखान्याकडून कमिशन घेतो. आजोबांचं नाव एकदा वहीत चढलं की उचल फिटेपर्यंत हंगामामागून हंगाम तेच, ती लाल कापडी बांधणीची वही मी हातात धरलीय.

शुद्धमती: मुकादम अरबी आहे. टोळीनायक का नको?

कोयता: टोळीनायक म्हटलं की दरोडेखोर आठवतो हो. आणि सरदार तरी कुठे आपला, फारसीच की. जो शब्द मजुराच्या तोंडी तो मराठी.

डोंगरवाट: मी दार्जिलिंगजवळ कर्सियांगला दोन वर्षं होतो नोकरीला. तिथे मळ्याला 'कमान' म्हणतात. घरमालकीण आजी 'हाम्रो कमान', आमचा मळा, म्हणायच्या, आणि लहानपणचं घरसुद्धा मळ्याचंच होतं त्यांचं, काम गेलं की छप्परही जायचं. साहेबाची मर्जी फिरली की अख्ख्या कुटुंबाला मळ्याबाहेर काढायचे, त्याला शब्द 'हट्टाबाहर'. १९५५ च्या मार्गारेट्स होप मळ्यातल्या मजुरांच्या लढ्यात हे बंद करा अशीही मागणी होती. याला मराठीत काय म्हणाल?

शुद्धमती: हद्दपार. हट्टा म्हणजे हद्दच असणार.

डोंगरवाट: मला तो अहाता वाटतो, आवार या अर्थी. आणि हद्दपार सरकार करतं, गुन्हेगाराला. या बाईचा गुन्हा काय?

तांबडीमाती: जरा वेगळं, पण नेपाळीतला 'लाहुरे' शब्द घ्याच. रणजितसिंगांच्या लाहोरच्या फौजेत गोरखे जायचे, त्यावरून परदेशी फौजेत जाणारा प्रत्येक जण लाहुरे झाला, मग इंग्रजांच्या पलटणीत असो नाहीतर कुठे. आमच्या कोकणातला चाकरमानी अगदी तोच, तो गणपतीला येतो, हा दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला.

कोयता: चाकरमानी बंदूक नाही उचलत.

तांबडीमाती: पण मनिऑर्डर दोघांचीही येते. आणि मला मनापासून लागतं ते हे की ज्यांनी डोंगर फोडून मळे उभे केले, पलटणी भरल्या, त्यांना आपल्या मराठीत एकच शब्द उरला, गुरखा, आणि त्याचा अर्थ रात्रीचा वॉचमन.

पानखुडी: पटतंय, पण मला उद्या मजकूर द्यायचाय. सरदार की मुकादम?

शुद्धमती: गुरखाचं मूळ गोरक्ष, गोरक्षनाथ. म्हणून गोरखाच लिहा.

तांबडीमाती: माझी आजी गुरखाच म्हणायची, आणि रोज रात्री त्याच्यासाठी भाकरी काढून ठेवायची.