नास्तिकता हा 'धर्म' आहे का?

प्रश्न

मुलीच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म भरताना 'धर्म' या रकान्यात मी 'नास्तिक' असं लिहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "हा काय धर्म आहे का? खोडा." घरी येऊन सांगितलं, तर मेव्हणे म्हणाले, "आता तुमचाही तो एक धर्मच झालाय. सभा आहेत, पुस्तकं आहेत, मोठी माणसं आहेत." दोघांची मतं उलटसुलट, आणि मला एकालाही उत्तर देता आलं नाही. शब्दाच्या अंगानं कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद

मेव्हण्यांचं आणि बाईंचं भांडण मुळात 'धर्म' या शब्दावर आहे, म्हणून आधी तो बघू. शेजारधर्म, राजधर्म, गुणधर्म, धर्मशाळा, धर्मादाय, दारावरचा माणूस म्हणतो तो 'धर्म करा माय' — यांतल्या एकाही ठिकाणी देवाला मानायची अट नाही. कर्तव्य, स्वभाव, दान असे अर्थ आहेत. 'रिलिजन'साठी हाच शब्द कायमचा रुळला तो इंग्रजी अमदानीत, आणि फॉर्ममधला रकाना त्या अर्थाचा आहे. जुन्या अर्थानं नास्तिकालाही धर्म असतोच. शेजारी आजारी पडला तर तोही रात्री रिक्षा शोधायला धावतो. रकान्याच्या अर्थानं मात्र विचारायचं ते वेगळं: तुमचा समाज कोणता, विधी कोणते, लग्न-वारसा कोणत्या कायद्यानं?

आता 'नास्तिक'. आपण सरसकट 'देव न मानणारा' असा अर्थ घेतो, पण शब्दाचा इतिहास तसा नाही. पाणिनीचं सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (4.4.60). 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे, काय नाही? पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, काशिकावृत्ती, सांगते: परलोक. ईश्वराचं नावही नाही. मनुस्मृतीत कसोटी बदलते: 'नास्तिको वेदनिन्दकः' (2.11), म्हणजे वेदाची निंदा करणारा तो नास्तिक.

याचा परिणाम बघण्यासारखा आहे. वेद मानणारं पण जगाचा कर्ता ईश्वर न मानणारं सांख्य दर्शन आस्तिकांत बसतं. वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारं पूर्वमीमांसा दर्शनही तसंच, यज्ञाचं फळ द्यायला त्याला ईश्वराची गरज वाटत नाही. उलट जैन आणि बौद्ध ही नास्तिक दर्शनं. कर्म, पुनर्जन्म, मोक्ष किंवा निर्वाण, व्रतं, साधू-भिक्षू, तीर्थक्षेत्रं हे सगळं असूनही! म्हणजे परंपरेनं ज्यांना नास्तिक म्हटलं, त्यांतले दोन आज जनगणनेत धर्म म्हणून स्वतंत्रपणे मोजले जातात. चार्वाकांची गोष्ट वेगळी. त्यांनी वेद, परलोक, ईश्वर सगळंच नाकारलं, आणि त्यांच्या नावानं ना संघ उभा राहिला ना तीर्थ.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. नास्तिक माणसाला धर्म असू शकतो, पण नास्तिकता हा धर्म नाही. पाणिनीनंच नेमका शब्द दिला आहे: मती. एका प्रश्नावरचं एक उत्तर. त्या उत्तरातून जन्माचं बारसं कसं करायचं हे निघत नाही, प्रेताला अग्नी द्यायचा की मूठमाती हे निघत नाही. सभा आणि पुस्तकं तर ग्राहक चळवळीकडेही असतात, तेवढ्यानं ती धर्म होत नाही.

मेव्हण्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायला हवी. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या तुरुंगातल्या एका कैद्याला नास्तिकांचा अभ्यासगट चालवायचा होता, अधिकाऱ्यांनी नाही म्हटलं. 2005 साली तिथल्या अपील न्यायालयानं सांगितलं की घटनेतल्या धर्मविषयक हक्कापुरती नास्तिकता ही धर्माच्या बरोबरीनं धरावी. हेतू रास्त होता: भाविकांना जे संरक्षण, तेच न मानणाऱ्याला. पण ती कायद्याची सोय आहे, शब्दाचा अर्थ नव्हे. आपल्या घटनेचं कलम 25 या बाबतीत मला जास्त मोकळं वाटतं. त्यात धर्माच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य येतं, त्यामुळे संरक्षण मिळवायला नास्तिकाला धर्माची पाटी लावावी लागत नाही.

हे कलम मुंबई उच्च न्यायालयात कामी आलं. सरकारी छापखान्यानं राजपत्रात 'कोणताही धर्म नाही' अशी नोंद छापायला नकार दिला, म्हणून काही जण न्यायालयात गेले. सप्टेंबर 2014 मध्ये निकाल लागला: धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येणार नाही, 'धर्म नाही' असं सांगण्याचा हक्क आहे. आणि हे अर्जदार नास्तिक नव्हते हो! येशूवर त्यांची श्रद्धा होती, फक्त ख्रिस्ती किंवा इतर कुठल्याही धर्माचे म्हणवून घ्यायचं नव्हतं. तिकडे देव न मानणारे जैन धर्माच्या रकान्यात, इकडे देवावर श्रद्धा असलेले रकान्याबाहेर.

प्रश्न

म्हणजे 'निधर्मी' लिहू का?

प्रतिसाद

मी लिहिणार नाही. 'निधर्मी राज्य' हा प्रयोग वर्तमानपत्रांत 'सेक्युलर'साठी पुष्कळ झाला, राज्याला तो चालतो. माणसाला लावला की त्याला 'अधर्मी'चा वास येतो, आणि अधर्मी म्हणजे दुराचारी. घटनेच्या प्रस्तावनेत मराठीत 'धर्मनिरपेक्ष' आहे, तर हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. 'धर्म'च्या पोटात कर्तव्य आणि नीतीही येतात, त्यांच्यापासून निरपेक्ष कसं राहणार? हिंदी शब्दानं ही अडचण टाळली आहे.

देवाबद्दलचं मत सांगायचं असेल तर 'निरीश्वरवादी' हा नेमका शब्द. परंपरेत निरीश्वर सांख्य असा प्रयोग आहेच. बोलताना 'नास्तिक' म्हणा, आज तोच सगळ्यांना कळतो.

फॉर्ममध्ये मात्र 'नास्तिक'ही नको आणि 'निरीश्वरवादी'ही नको. रकाना तुमचं मत विचारत नाहीये. खिडकीतल्या बाई खोडा म्हणाल्या ते शब्दापुरतं बरोबर होतं, पण त्यानंतर त्यांनी दुसरा कुठला तरी धर्म लिहायला लावला असेल तर ते चूक. तिथे 'धर्म नाही' असे दोन शब्द लिहा, आणि 2014 च्या निकालाची प्रत सोबत न्या.